रोलर स्टँडवर सीव्ही वाचल्या जात नाही, अन् जुळवलेले स्पीड रुळावर जुळत नाही, काय करावं?

दारव्ह्याकडच्या एका भावाचा प्रश्न आहे. त्याच्याकडे एचओ स्केलची, म्हणजे खऱ्याच्या १/८७ आकाराची, वॅग-९ या विजेच्या मालगाडी इंजिनाची दोन मॉडेलं आहेत, दोन्हीत एकाच कंपनीचे साउंड डिकोडर (रुळातून आलेला हुकूम ओळखून मोटर, दिवे अन् आवाज चालवणारी चिप) बसवले, घरात लेआउट मांडायला जागा नाही म्हणून सहा एक्सलचा रोलर स्टँड, म्हणजे इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरू देणारा स्टँड, घेतला अन् सगळं प्रोग्रॅमिंग त्यावरच करून राहिला. त्रास दोन आहेत. सीव्ही, म्हणजे डिकोडरमधले सेटिंगचे नंबरवार आकडे, वाचायला घेतलं की दहातून सहा-सात वेळा एरर येते, अन् रोलरवर दोन्ही इंजिनांचा स्पीड बरोब्बर जुळवला तरी मित्राच्या लेआउटवर दोघांना जोडलं की मागचं पुढच्याला ढकलते. स्टँड फेकून द्यावा का, असं त्यानं विचारलं.

भाऊ, फेकू नका. डिकोडरही खराब झाले असं मला वाटत नाही. मी मूर्तिजापूरकडे मोटर रिवाइंडिंगचं काम करतो, दिवसभर पाणबुडी पंपाच्या मोटरी अन् रात्री जेवण झालं की ही छोटी इंजिनं, चौदा वर्षं झाली, अन् इतक्या वर्षांत माझं मत पक्कं झालं की सीव्ही लिहायला-वाचायला हातभर रुळाचा साधा तुकडा पुरते, रोलर लागतो तो इंजिन चालताना जागच्या जागी पाहायला अन् ऐकायला, अन् स्पीडचा शेवटचा निकाल रुळावरच लागतो. तुम्ही तिन्ही कामं रोलरकडून करून घेऊन राहिले, म्हणून अडलं.

आता सीव्ही काहून वाचल्या जात नाही ते पाहू. डिकोडरला कमांड स्टेशनशी (रुळातून हुकूम पाठवणारं खोकं) बोलायला वेगळी तार नसते, दोन रुळ तेवढे. स्टेशन विचारते, अमुक सीव्हीचा अमुक बिट १ आहे का, अन् 'हो' म्हणायचं असलं की डिकोडर एक क्षण मोटर चालू करतो. तेवढ्या वेळात करंट निदान ६० मिलीॲम्पिअरनं वाढला पाहिजे अन् तो साधारण ६ मिलिसेकंद टिकला पाहिजे, हे एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या स्टँडर्डमध्येच आहे, म्हणून कोणत्याही कंपनीचा डिकोडर अन् कोणतंही स्टेशन घ्या, नियम तोच. वाचताना इंजिन जे बारीक टक्-टक् हलते ना, तो हाच जवाब. एक सीव्ही वाचायला आठ बिटांचे आठ प्रश्न अन् वरून एकदा पूर्ण आकडा बरोबर आहे का ते विचारणं, म्हणजे नऊ प्रश्न झाले, त्यातला एक जवाब जरी मधात हरवला तरी स्क्रीनवर एरर. म्हणजे या एक-दोन सेकंदांत चाकाचा कॉन्टॅक्ट एकदाही तुटायला नको.

रुळावर चाक सरळ धातूवर बसते, विषय संपला. रोलरवर करंट आधी तारेतून स्टँडच्या पट्टीत, पट्टीतून रोलरच्या दांड्यात, दांड्यातून बेरिंगच्या गोळ्यांत, गोळ्यांतून बाहेरच्या रिंगमध्ये अन् मग चाकात. बेरिंगमध्ये कंपनीनं भरलेलं ग्रीस असते अन् ग्रीस काही करंट नेत नाही. इंजिन भरधाव चालत असताना हे कळतही नाही, कारण सहा एक्सलपैकी कोणतं ना कोणतं चाक करंट ओढूनच घेते अन् डिकोडरवरचा कपॅसिटर बारीक तुटी सांभाळतो. पण सहा मिलिसेकंदाच्या जवाबाला ही तूट महागात पडते.

म्हणून तीस सेंटिमीटरचा फ्लेक्स ट्रॅक कापा, लाकडाच्या पट्टीवर खिळा, दोन तारा सोल्डर करा अन् तो स्टेशनच्या प्रोग्रॅमिंग आउटपुटला जोडा. बस, हाच प्रोग्रॅमिंग ट्रॅक. याचा अजून एक फायदा आहे. स्टँडर्डप्रमाणे प्रोग्रॅमिंग आउटपुटचा करंट २५० मिलीॲम्पिअरच्या आसपास अडवलेला असते, म्हणून डिकोडर बसवताना मोटरची तार चुकून चेसिसला लागून राहिली असली तरी डिकोडर सहसा जळत नाही, स्टेशन नुसती एरर देते. मी सुरुवातीला हा टप्पा टाळला होता, नवा डिकोडर बसवून इंजिन सरळ रोलरवर ठेवलं अन् मेन लाइन (गाडी चालवायचं पूर्ण करंटचं आउटपुट) चालू केली, अन् मोटरचा एक ब्रश चेसिसला टेकलेला होता. दोन सेकंदांत वास आला, डिकोडर गेला. तेव्हापासून नवा डिकोडर माझ्याकडे आधी तुकड्यावर जातो, सीव्ही ८ वाचून कंपनीचा नंबर बरोबर आला की मगच रोलरवर.

रोलरला मेन आउटपुट द्या. एकच टेबल असलं तर मधात ऑफ असणारा सहा पायांचा डीपीडीटी स्विच लावून रोलर मेनवर किंवा प्रोग्रॅमवर टाकता येतो, पण स्विच मधात ऑफवालाच घ्या, कारण मेन अन् प्रोग्रॅम हे दोन आउटपुट क्षणभरही एकमेकांना भिडायला नको. अन् तुमचं स्टेशन पॉवर कॅबसारखं एकाच आउटपुटचं असलं तर प्रोग्रॅमिंग मोडमध्ये जाताना ट्रॅकवरचं दुसरं इंजिन उचलून ठेवा, नाही तर दोघांचाही ॲड्रेस (ज्या नंबरनं स्टेशन इंजिनाला हाक मारते तो) एकच होऊन बसते.

तुकड्यावरही एरर आली तर साउंड डिकोडरचा स्टे-अलाइव्ह कपॅसिटर (करंट तुटला तरी इंजिन क्षणभर चालू ठेवणारा) पाहा, तो चार्ज होताना इतका करंट ओढतो की त्यात जवाब लपून जातो. त्याची तार काढून वाचा, मग परत जोडा. तेवढ्यानं झालं नाही तर चाकं उलटी करून भिंगाखाली पाहा. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे ही भानगड मोठी आहे. दिवाळीनंतर घरात कापूस आला की रुई सगळीकडे उडते, अन् चाकाच्या मागच्या बाजूला जी तांब्याची बारीक पट्टी घासून करंट घेते तिच्या अन् चाकाच्या मधात तो तंतू जाऊन बसतो. मागं एका इंजिननं मला तीन संध्याकाळी असंच छळलं. डिकोडर बदलला, स्टेशन बदललं, तरी एरर जाईना. शेवटी भिंग घेऊन बसलो तर तिसऱ्या एक्सलवर रुईचा तंतू सात-आठ वेढे गुंडाळलेला, वरून तेल पिऊन काळा पडलेला, म्हणून तो ग्रीससारखाच दिसत होता. चिमट्यानं एक टोक धरलं अन् इंजिन हातात फिरवत फिरवत तो सोडवला, चांगला वीतभर निघाला. त्यानंतर पहिल्याच झटक्यात सगळे सीव्ही वाचल्या गेले. रोलरच्या बेरिंगमध्येही हीच रुई जाते, म्हणून स्टँड उघडा ठेवू नका, स्टीलच्या डब्यात झाकून ठेवा.

तुम्ही पुढंमागं शकुंतलेचं, म्हणजे आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूर छोट्या लाइनच्या गाडीचं, मॉडेल करणार असं लिहिलं आहे, दारव्ह्याच्या माणसानं करायलाच पाहिजे, त्यासाठी एक गोष्ट आताच ध्यानात ठेवा. शकुंतला ७६२ मिलिमीटर गेजची, ८७ नं भागलं तर ८.७६ येते, म्हणजे एचओच्या हिशेबात ९ मिलिमीटरच्या रुळावर ती जवळपास बरोबर बसते. पण ९ मिलिमीटरच्या इंजिनांमधल्या मोटरी बारीक, त्यातही कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली) असली तर ती ६० मिलीॲम्पिअर ओढतच नाही, डिकोडर बिचारा जवाब देतो पण स्टेशनला तो ऐकूच जात नाही. अशा वेळी लिहिलेला सीव्ही बहुतेक बसलेलाच असते, फक्त एरर दिसते. अर्डुइनो मेगा बोर्डवर डीसीसी-ईएक्स (कमांड स्टेशनचं फुकटातलं सॉफ्टवेअर) चालवत असाल तर त्यात ॲक लिमिट, म्हणजे जवाब मानायला लागणारा करंट, ३० वर आणता येते, मी तेच केलं. नाही तर मेनवर ठेवून प्रोग्रॅम करायचं, त्यात रेलकॉम (डिकोडरनं रुळातूनच उलट माहिती पाठवायची सोय) नसलं तर वाचता येत नाही पण लिहिता येते.

रोलर नेमका कुठं कामाचा, ते आता. ॲड्रेस बसला का, पुढचा दिवा पुढंच लागतो का, सगळे एक्सल फिरतात का, गिअरमधून कटकट येते का, हे इंजिन डोळ्यांसमोर जागेवर ठेवून पाहायचं तर रोलरसारखं साधन नाही. नवीन इंजिनाचं रनिंग-इन तर रोलरवरच करावं, अर्धा तास पुढं अर्धा तास मागं, मध्यम स्पीडवर, पण सोडून जेवायला जायचं नाही. मे महिन्यात आपल्या खोलीत ४५ डिग्री असते, गिअरचं ग्रीस पातळ होऊन चाकांवर उतरते, रोलरवरून ते परत सगळ्या चाकांना फासल्या जाते, अन् चाकावर रबर टायर असला तर तो फुगून निघतो. रबरवाल्या चाकांना करंट येत नाही, हेही विसरू नका.

वाफेच्या इंजिनाला तर रोलर पाहिजेच. दोन सिलिंडरचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा छुक म्हणते. चाकाच्या आऱ्यावर पांढऱ्या रंगाचा टिपका द्या, रोलरवर एकदम हळू चालवा अन् टिपका वर आला की मोजा, चारऐवजी पाच-सहा आवाज येत असतील तर ईएसयू कंपनीच्या लोकसाउंड डिकोडरमध्ये सीव्ही ५७ अन् ५८ नं ते जुळते. फिरत्या लेआउटवर इंजिनामागं वाकून पळत हे मोजणं होत नाही. मी पहिल्यांदा असं जुळवलं त्या रात्री बाबांना बोलावून ऐकवलं. त्यांनी शकुंतलेला वाफेच्या इंजिनामागं पाहिलेलं, १९९४ मध्ये तिला डिझेल लागलं त्याच्या आधीचं, ते खुर्ची ओढून बसले अन् रोलरवरच्या त्या चाकांकडे किती तरी वेळ पाहत राहिले. आवाजाचा व्हॉल्यूम मात्र टेबलावर ठरवू नका, सागाचं टेबल स्वतःच घुमते. खाली फोमची गादी टाका, मग सीव्ही ६३ कमी-जास्त करा.

आता तुमचा मोठा प्रश्न, स्पीडचा. रोलरवर मोटर फक्त गिअर अन् चाकं फिरवते, इंजिनाचं वजन पुढं न्यावं लागत नाही. आमच्या धंद्यातलं सांगतो, पंप न जोडता मोकळी मोटर फिरवली तर दोन मोटरी सारख्याच वाटतात, बोअरमध्ये उतरवल्यावर फरक समजते. तसंच आहे हे. त्यात डिकोडरचं बीईएमएफ असते, ते मोटर किती फिरून राहिली ते मोजून आपोआप जोर कमी-जास्त करते, म्हणून मधल्या स्पीडला रोलरवरचा आकडा रुळाच्या जवळपास येतो, पण सुरुवातीच्या दोन-चार स्टेपला (स्पीडच्या टप्प्यांना) नाही. रोलरवर जे इंजिन सीव्ही २ मध्ये (सुरुवातीचा जोर) २ टाकून निघते तेच रुळावर ५-६ मागू शकते, अन् तुमच्या दोन इंजिनांची ही मागणी सारखी असेल असं नाही. दुसरं असं की वजनच नसल्यामुळं बीईएमएफ रोलरवर हळू स्पीडला आचके देते, ते पाहून माणूस बीईएमएफ ढिलं करतो, अन् मग रुळावर डबे लागले की इंजिन चढावर मरते. रोलरवरच्या आचक्यांवरून बीईएमएफला हात लावू नका. लोकसाउंड असेल तर सीव्ही ५४ मध्ये ० टाकून एफ-१ दाबलं की ते स्वतःच मोजून घेते, पण ते करताना इंजिन एकदम फुल स्पीडनं सुटते, म्हणून सरळ सपाट दोन मीटर रुळ पाहिजे अन् पुढं कुणी तरी हात धरून उभा पाहिजे.

दोन मीटर रुळ तुमच्या ओसरीत नक्की बसते, भाऊ, मित्राच्या लेआउटची वाट पाहायची गरज नाही. दोन्ही डिकोडर आधी फॅक्टरी सेटिंगवर न्या, बहुतेक डिकोडरांत सीव्ही ८ मध्ये ८ टाकून होते. सीव्ही ३ अन् ४ शून्य करा, नाही तर इंजिन हळूहळू स्पीड पकडते अन् मोजमाप खोटं येते. मग घड्याळ. १:८७ मध्ये ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ३२ सेंटिमीटर, दोन मीटरला ६.३ सेकंद. ताशी ३० चे दोन मीटरला २१ सेकंद होतात. वरच्या स्पीडसाठी इंजिनाला थोडं मागून सुटू द्या, मधल्या मीटरभराचाच वेळ घ्या. आधी दोन्ही इंजिनं नुसती मोजा, जे हळू आहे ते तसंच ठेवा अन् जोरातल्याला त्याच्यावर आणा, हळूवाल्याला पळवायला गेलं तर वर जागाच नसते. सीव्ही २ नं सुरुवात, सीव्ही ५ नं टॉप स्पीड, मधल्यासाठी तुमच्या डिकोडरात सीव्ही ६ चालत असेल तर ते, नाही तर २८ टप्प्यांचा स्पीड टेबल, सीव्ही ६७ ते ९४, अन् तो चालू करायला सीव्ही २९ मध्ये १६ मिळवायचे. टेबल हातानं भरत बसू नका, लॅपटॉपवर जेएमआरआय नावाचं सॉफ्टवेअर फुकटात मिळते, त्यातल्या डिकोडरप्रोमध्ये रेघ ओढली की २८ आकडे भरल्या जातात.

अन् तुमचं एक इंजिन दुसऱ्याला ढकलते त्याचं अजून एक कारण असू शकते, जे फार जण तपासत नाहीत. दोन इंजिनं पाठीला पाठ लावून जोडली की एक पुढं चालते अन् दुसरं उलटं. तुम्ही दोघांचा पुढचाच स्पीड जुळवला असेल. मोटर दोन्ही दिशांनी सारखी फिरत नाही, ब्रश थोडे जरी तिरपे बसले तरी फरक पडते, हे रोज पाहतो. म्हणून एकाचा पुढचा स्पीड दुसऱ्याच्या उलट्या स्पीडशी जुळवा, त्यासाठी सीव्ही ६६ पुढचा ट्रिम अन् सीव्ही ९५ उलटा ट्रिम असतो, तुमच्या डिकोडरात आहे का ते मॅन्युअलमध्ये पाहा. जोडायच्या आधी दोघांना एकाच रुळावर वीतभर अंतर ठेवून चालवा, दोन मीटरमध्ये ते अंतर दोन बोटांपेक्षा जास्त बदललं नाही तर कपलिंगमध्ये ओढाताण जाणवत नाही.

रोलरवर स्पीड मोजायचाच असेल, निदान पहिला अंदाज घ्यायला, तर तेही होते. बाहेर बॅक्रसचा स्पीडोमीटरवाला रोलर मिळतो, तो सरळ जेएमआरआयला जोडल्या जाते. मी घरीच बनवला. ॲक्रिलिकची पट्टी अन् प्रत्येक चाकाखाली दोन-दोन बेरिंग. आधी ६२३ नंबरचे घेतले, बाहेरून १० मिलिमीटरचे, पण वॅग-९ च्या बोगीत तिन्ही एक्सल इतके जवळ की शेजारच्या जोड्या एकमेकींना घासल्या, मग ६९३ चे आणले, ८ मिलिमीटरचे. ते पेट्रोलमध्ये धुऊन ग्रीस काढलं, पातळ तेलाचा एक थेंब दिला, अन् करंट गोळ्यांमधून न नेता जुन्या रिलेमधली फॉस्फर ब्राँझची पट्टी बाहेरच्या रिंगला हलकी टेकवली. तुमच्या तयार स्टँडलाही ही पट्टी लावून पाहा, चालताना दिव्याची लुकलुक थांबते. डावीकडचे दांडे अन् उजवीकडचे दांडे कुठंही जुळायला नको, जुळले की शॉर्ट. शेवटच्या बेरिंगच्या रिंगवर कागदाची चकती चिकटवली, तिच्यावर चमकपट्टीचा तुकडा, अन् दुकानातलाच टॅकोमीटर रोखला. चाकाचा घेर मोजायची गरज नाही, चाकाची धार जितकी पळते तितकीच बेरिंगची. ८ मिलिमीटरच्या बेरिंगवर ताशी १०० म्हणजे मिनिटाला ७६२ फेरे. हिशेब तीनदा करून पाहिला, आकडा तोच, शकुंतलेच्या गेजचा. तो मी स्टँडवर पेननं लिहून ठेवला.

लाइटचं तुम्हाला सांगायला नको. साधा सीव्ही लिहिताना लाइट गेली तर परत लिहिता येते, पण साउंडची फाइल डिकोडरमध्ये चढत असताना गेली तर कामाची सगळी रात्र जाते. लॅपटॉप चार्ज असू द्या अन् साउंड चढवायचं खोकं इन्व्हर्टरवर घ्या. माझं डीसीसी-ईएक्स तर १२ व्होल्टच्या बॅटरीवरच चालते, एचओला तेवढं पुरते.

ॲड्रेसचं राहिलंच. वॅग-९ चा नंबर पाच आकड्यांचा असते, शेवटचे चार घ्या. समजा १२३४ पाहिजे, २५६ नं भागा, ४ येतात अन् २१० उरतात. ४ मध्ये १९२ मिळवून १९६ सीव्ही १७ मध्ये, २१० सीव्ही १८ मध्ये, अन् सीव्ही २९ मध्ये ३२ मिळवा, तिथं ६ होते तर ३८ झाले. स्पीड टेबलचे १६ आधी मिळवले असतील तर ते पुसू नका, ५४ लिहा.

आधी तुकडा बनवा अन् दोन्ही इंजिनांचा सीव्ही ८ त्यावर दहादा वाचून पाहा. मग ओसरीत दोन मीटर मांडून दोघांचा पुढचा अन् उलटा वेळ घ्या, स्टेप १, १४ अन् २८ वर, असे चार रकाने कागदावर लिहा. ते आकडे इथं टाका, सीव्ही ६६ अन् ९५ किती ठेवायचे ते मी काढून देतो.